फरक परत, एकदाच

कपाटांच्या दुकानात शिरलं की डाव्या हाताच्या भिंतीवर एक ओळ दिसते. वीतभर उंच तांबडी अक्षरं, त्यांना काळी सावली: ‘इथून नेलेलं कपाट वर्षाच्या आत बाजारात स्वस्त मिळालं, तर फरक परत.’ पुढे भिंत संपत आली होती, म्हणून शेवटचा शब्द कोपऱ्यात अंग चोरून बसलाय: ‘एकदाच.’

अठ्ठावीस वर्षांपूर्वी थोरल्या मालकांनी ही ओळ लिहून घेतली, तेव्हा तिच्यापेक्षा स्वस्तातली जाहिरात बाजारात दुसरी नव्हती. भाव तेव्हा फक्त चढायचे. आज पाहिलेलं कपाट पुढच्या महिन्यात दोनशेने महाग व्हायचं, आणि गिऱ्हाईक दारातून परत फिरलं की थोरले मागून म्हणायचे, "जा, सावकाश विचार करा. तोवर भावही विचार करतोच आहे." माणूस उंबऱ्यावरून परत यायचा. ओळ भिंतीवर, भाव आकाशात. फरक मागायला अठ्ठावीस वर्षांत एक जण आला नाही. जो सौदा कधी अंगावर येत नाही त्यावर सही करायला थोरले पहिल्यापासून उदार.

मग भाव उतरू लागले.

पहिल्या वर्षी सगळे खूश होते. तेल उतरलं, कापड उतरलं, घरभाडी उतरली. बायका पिशव्या भरून घरी यायच्या आणि उरलेली मोड नवऱ्याला दाखवायच्या. दुसऱ्या वर्षी पगार उतरले, तेव्हा खुशी जरा बेताची झाली. तिसऱ्या वर्षी लोकांना थांबायची सवय लागली. जी वस्तू पुढच्या महिन्यात स्वस्त मिळणार ती या महिन्यात घेणारा मूर्ख, हे शाळेतल्या पोरालाही कळू लागलं. सगळेच शहाणे झाले आणि दुकानं ओस पडली.

गिऱ्हाईक येणं बंद झालं होतं असं नाही. यायचं, कपाटाचं दार उघडायचं, मिटायचं, लॉकरची किल्ली फिरवून पाहायचं, खिशातून सुतळी काढून उंची मोजायचं. मुलगी पाहायला यावं, चहापाणी व्हावं, आणि ‘घरी विचारून कळवतो’ म्हणून निघून जावं, तसं. पाटीवरचा आकडा धाकटे मालक खडूने लिहीत. बारा हजारांचे दोनदोनशेने पुसत अकरा हजार दोनशे झाले, मग दहा हजार, आणि आता आठ हजार आठशे. दर वेळी पुसलेल्या आकड्याची फिकट खूण पाटीवर राही, आणि गिऱ्हाईक नव्या आकड्यापेक्षा त्या खुणाच निरखून वाची.

धाकटे मालक पंचेचाळिशीचे. वडिलांची जीभ त्यांच्या वाट्याला आली नव्हती, काळजी मात्र आजोबांपासूनची सगळी आली होती. दुकानाचा कागद न् कागद सांभाळायची त्यांची बायको. थोरले तिला सूनबाई म्हणत, मागच्या शेडमधला रंगारी वहिनी म्हणे. पावतीबुकांच्या कार्बन प्रती तिने दोऱ्यात ओवून ठेवलेल्या होत्या. वर्षाच्या आतल्या चोपन्न. एका संध्याकाळी तिने त्या मांडीवर घेऊन बेरीज केली आणि नवऱ्यापुढे कागद सरकवला. प्रत्येक पावतीचा त्या दिवसाचा भाव वजा आजचा भाव. चोपन्न जण एकदम आले तर एक लाख सात हजार. दुकानात आणि बँकेत मिळून अठ्ठावन्न हजार होते.

"मग आले का नाहीत अजून?" धाकट्यांनी विचारलं.

"येतील कशाला? फरक एकदाच मिळतो ना," ती म्हणाली. "आज मागितला तर दोन हजार. दोन महिन्यांनी मागितला तर तीन हजार."

कपाट घ्यायला थांबलेले आणि फरक मागायला थांबलेले, दोघेही त्याच कारणासाठी थांबले होते. एकाच्या थांबण्याने दुकान मरत होतं, दुसऱ्याच्या थांबण्याने जगत होतं. धाकट्यांना त्या रात्रीपासून झोप लागेना.

या थांबणाऱ्यांत सगळ्यात हुशार म्हणजे शाळेच्या निवृत्त बाई. त्यांनी नऊ महिन्यांपूर्वी अकरा हजार चारशेला कपाट नेलं होतं. दर महिन्याला पेन्शन घेऊन परतताना त्या दुकानात डोकावत, पाटी वाचत, पर्समधल्या पावतीची घडी बोटांनी चाचपून पाहत आणि जावयाच्या तब्येतीची चौकशी करावी तशा मायेने विचारत, "आणखी उतरेल, नाही का हो?"

नाही म्हणावं तर बाई आत्ताच फरक मागणार. हो म्हणावं तर बाजूला उभं असलेलं गिऱ्हाईक घरी जाणार. धाकटे म्हणत, "सांगता येत नाही." त्या महिन्यात त्यांनी हे वाक्य इतक्यांदा म्हटलं की घरात मुलीने आज पाऊस पडेल का विचारलं, तरी तेच तोंडून निघालं.

त्यात बँकेचा हप्ता. तीन वर्षांपूर्वी पत्रा वाकवायचं मशीन घेतलं, तेव्हा महिना चोवीस हजारांचा हप्ता ठरला. त्या वेळी हप्ता म्हणजे दोन कपाटं. हप्ता आजही चोवीस हजारच होता, पण कपाटांत मोजला तर पावणेतीन. बँकेचा साहेब स्वतः दुकानात आला, सगळ्या दारांची हॅण्डलं हलवून पाहिली, आणि आनंदाने म्हणाला की मध्यवर्ती बँकेने व्याजाचा दर पाचव्यांदा खाली आणला आहे, तेव्हा आणखी कर्ज उचला, इतकं स्वस्त कर्ज जन्मात मिळणार नाही. धाकट्यांनी विचारलं, कर्ज स्वस्त आहे हे मान्य, पण ते फेडायचा पैसाच रोज महाग होतोय त्याचं काय? साहेब म्हणाला की तो विषय वरच्या ऑफिसचा.

टीव्हीवर मध्यवर्ती बँकेचे प्रमुख सांगत होते, जनतेने विश्वास ठेवावा, येत्या काळात भाव निश्चित वाढतील, खरेदी लांबवू नये. थोरले गल्ल्याशेजारच्या खुर्चीत बसून ऐकत होते.

"हेच मी तीस वर्षं सांगितलं, तर लोक मला लबाड म्हणायचे," ते म्हणाले. "हा टाय लावून सांगतो, तर याच्यावर विश्वासच नाही कोणाचा."

पत्रा कापणारा आणि वेल्डिंगवाला कामाच्या हिशोबाने पैसे घेत. नवी कपाटं बनायची थांबली, तसे ते आपोआप यायचे थांबले. पगारावर एकच माणूस उरला होता, रंगारी. पन्नाशीचा, थिनरने बोटांची टोकं पांढरी पडलेली, भुवयांत कायम राखाडी रंगाचा सडा. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्याने भिंतीवरची ती ओळ लिहिली होती, आणि शेवटच्या शब्दाला जागा पुरली नाही म्हणून थोरल्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. त्याचा पगार चौदा हजार. गोदामात बावीस तयार कपाटं उभी असताना रंगाऱ्याला पगार द्यायचा, म्हणजे जेवण झाल्यावर वाढपी ठेवायचा. धाकट्यांनी तीन दिवस हा विचार गिळला आणि चौथ्या दिवशी, वडील दुपारी घरी गेल्यावर, शेडमध्ये जाऊन सांगून टाकलं. दोन महिन्यांपुरतं, हात जरा सैल झाला की पहिलं बोलावणं तुम्हालाच.

रंगाऱ्याने स्प्रे गन थिनरमध्ये धुतली, नळी गुंडाळली, तोंडाला बांधायचं फडकं खिशात घातलं आणि कंप्रेसरची किल्ली वहिनींच्या हातात दिली. जाताना म्हणाला, "गनची सुई आठवड्याला तेलात बुडवा. नाहीतर जाम होते."

चौदा हजार वाचले. सूनबाईने ते कागदावर लिहिले आणि त्याखाली रेघ मारली. पण त्या रेघेखाली अजून काहीतरी यायचं राहिलंय असं तिला उगाच वाटत राहिलं.

रेघेखालचा आकडा दोन आठवड्यांनी आला. त्या रस्त्याला अठ्ठावीस वर्षं रंगाच्या वासाची सवय होती. शेजारचा चष्मेवाला त्या वासाने आजवर शंभर वेळा भांडला असेल. सकाळी दहाला कंप्रेसर धडधडायचा आणि वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या त्यावर आपली औषधाची वेळ लावायच्या. आता धडधड नाही, वास नाही. पहिल्यांदा चष्मेवाल्यानेच विचारलं, तब्येत बरी आहे ना रंगाऱ्याची? मग कोणीतरी रंगाऱ्याला भर सकाळी बाकावर बसून पेपर वाचताना पाहिलं. दुपारपर्यंत ‘रंगाऱ्याला काढलं’ झालं, संध्याकाळपर्यंत ‘दुकान विकायला काढलंय’ झालं, आणि ज्यांच्या ज्यांच्या घरी पावती होती त्या सगळ्यांना एकाच वेळी सुचलं की दुकानच उरलं नाही तर फरक भिंतीकडून घ्यायचा की काय?

एक तारखेला नऊ जण आले. कोणी भांडलं नाही. प्रत्येक जण सहज जाता जाता आल्यासारखा आला, आणि प्रत्येकाच्या हातात पावती सरळ इस्त्री केल्यासारखी. सूनबाईने कार्बन प्रत काढून ताडून पाहावी, धाकट्यांनी नोटा मोजाव्यात, थोरल्यांनी पावतीवर ‘फरक दिला’ असं लिहून सही करावी. सतरा हजार गेले. शेवटचा माणूस नोटा खिशात घालताना म्हणाला, "तुमच्याबद्दल शंका नाही हो. पण लोक घाबरलेत, म्हणून."

दुसऱ्या दिवशी कुलूप काढायच्या आधीच एकोणीस जण रांगेत उभे होते. धाकट्यांनी आतून शटरच्या फटीतून मोजले, दोनदा. जवळ एक्केचाळीस हजार. पाच तारखेचा हप्ता बाजूला ठेवला तर सतरा. एकेकाला साधारण दोन हजार धरले तर आठ माणसं. नवव्या माणसाला काय सांगायचं, हे रात्रभर आढ्याकडे बघूनही त्यांना सापडलं नव्हतं. आणि नवव्याला नाही म्हटलं की पुढच्या तासाभरात उरलेले सगळे येणार, बँकेचा साहेबही येणार, मशीन उचलून नेणार.

त्यांनी वडिलांना विचारलं, ओळ पुसून टाकू का? थोरल्यांनी चष्मा पुसत विचारलं, ती पुसायला रंगारी कुठून आणणार?

शटर वर गेलं. पहिल्या चौघांना मिळून साडेआठ हजार दिले. पाचव्या नंबरवर शाळेच्या बाई होत्या. सूनबाई त्यांची प्रत शोधत असताना रांगेच्या शेपटाकडे कुजबुज सुरू झाली, आणि माणसं आपोआप बाजूला सरकली. रंगारी आला होता. त्याच्या हातातही पावती होती. दहा महिन्यांपूर्वी मुलीच्या नव्या घरासाठी त्याने पगारातून कापून अकरा हजार सहाशेचं कपाट घेतलं होतं, स्वतःच रंगवलेलं.

लोकांनी मोठ्या प्रेमाने त्याला पुढे केलं. तुम्ही घरचे, तुमचा पहिला मान. खरं म्हणजे त्यांना पाहायचं होतं. घरचा माणूसच पैसे काढून घेतो म्हटल्यावर मग बाहेरच्याने लाजायचं कशाला? बाईसुद्धा अर्धं पाऊल मागे सरकल्या.

रंगाऱ्याने पावती काउंटरवर ठेवली आणि नजर खालीच ठेवून म्हणाला, "फरक द्या. अठ्ठावीसशे होतात."

धाकटे नोटा मोजू लागले. चूक झाली, पुन्हा मोजू लागले. थोरल्यांनी हात पुढे करून त्या नोटांवर ठेवला.

"पैसे तुझेच आहेत," ते रंगाऱ्याला म्हणाले. "आज नेलेस तर अठ्ठावीसशे. पण सूनबाईकडे कंप्रेसरची किल्ली आहे, ती नेलीस तर पगार. काय नेतोस ते बोल. मागे माणसं खोळंबलीत."

रंगाऱ्याने वर पाहिलं. "पगार किती?"

"होता तोच."

"आगाऊ?"

"पंधरा दिवसांचा. आत्ता."

धाकट्यांनी मनात वजाबाकी केली. सात हजार. म्हणजे उरतात पंधराशे, म्हणजे पुढे एकही माणूस नाही. त्यांनी वडिलांच्या बाहीला हात लावला, पण थोरले आज बाहीचं ऐकणाऱ्यांतले नव्हते.

"आणि माझी पावती?" रंगारी म्हणाला.

"तुझ्याचकडे. अजून दोन महिने आहेत तिला. घाई कसली?"

रंगाऱ्याने क्षणभर हिशोब केला. तोही काही कमी शहाणा नव्हता. त्याने पावतीची घडी घालून वरच्या खिशात टाकली आणि हात पुढे केला. सगळ्यांसमोर सात हजार मोजून दिले गेले, सगळ्यांसमोर सूनबाईने ‘आगाऊ पगार’ म्हणून त्याची सही घेतली. तो मागच्या दाराकडे वळला. धाकटे त्याच्यामागे धावले.

"रंगवू काय?" रंगाऱ्याने हळूच विचारलं. शेडमध्ये कच्चं कपाट एकही नव्हतं.

धाकट्यांनी गोदामाच्या दारातलं पहिलं तयार कपाट दाखवलं. "हेच रंगवा. पुन्हा."

"नवं आहे हे."

"माहीत आहे."

पाच मिनिटांत कंप्रेसर खोकला आणि धडधडू लागला. मग वास आला. आधी थिनरचा, मग रंगाचा, जाड, डोळ्यांत झोंबणारा. रांगेतल्या दोघांनी नाकाला रुमाल लावला. वरच्या मजल्यावरची एक म्हातारी गॅलरीत येऊन खाली बघून आत गेली. चष्मेवाला बाहेर आला आणि तोंडभरून शिव्या देऊ लागला, आणि धाकट्यांना अठ्ठावीस वर्षांत त्या शिव्या पहिल्यांदाच गोड लागल्या.

काउंटरपाशी आता शाळेच्या बाई होत्या. पावती पुढे सरकवलेली होती, पण तिच्यावर बाईंचं बोट होतं. त्यांनी मागच्या दाराकडे कान दिला.

"काम निघालंय वाटतं."

"चालूच आहे की," थोरले म्हणाले. "बोला, तुमचे सव्वीसशे ना?"

बाईंनी पाटीकडे पाहिलं. आठ हजार आठशे, आणि त्याखाली पुसलेल्या आकड्यांच्या फिकट खुणा, एकीखाली एक, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. दुकान राहणार असेल तर आजच फरक घेणं म्हणजे अर्ध्या जिन्यावरून उडी मारणं. "माझे अजून तीन महिने आहेत," त्या म्हणाल्या. "आणखी उतरेल, नाही का हो?"

धाकटे मागच्या दारातून येत होते. चेहऱ्यावर रंगाचे शिंतोडे, डोळे लाल.

"उतरेल," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी गिऱ्हाइकाला इतकं ठाम काही सांगितलं. "नक्की उतरेल, बाई."

बाईंनी पावती पर्समध्ये ठेवली, चेन लावली आणि मागच्या माणसाकडे अशा नजरेने पाहिलं, जणू वर्गात कोणी चुकीचं उत्तर द्यायला हात वर केलाय. मागच्याने आपली पावती पुन्हा एकदा वाचली. त्याचे पाच महिने होते. त्यामागच्या नवराबायकोत बारीक वाद झाला, बायको जिंकली, दोघं घरी गेली. ज्याच्या पावतीचे चार दिवस उरले होते असा एक जण मात्र हलेना. त्याला हप्त्याच्या पाकिटातून तीन हजार काढून द्यावे लागले. साडेअकरापर्यंत दारात फक्त चष्मेवाला उरला.

पाच तारखेला हप्ता गेला. सूनबाईने आपल्या दोन बांगड्या विकून कमी पडले तेवढे घातले. सोनंही उतरलं होतं, हे तिला सराफाने दोनदा सांगितलं.

तेव्हापासून कंप्रेसर रोज दहाला सुरू होतो. रंगारी कपाटावर पॉलिश पेपर मारतो, एक हात देतो, वाळू देतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा. रंग पातळ करून वापरतो, डबा पुरवतो. बँकेचा साहेब एकदा वासावरूनच आत आला आणि काम जोरात दिसतंय म्हणून धाकट्यांचा हात हलवून गेला. त्यानेच सांगितलं की दर सहाव्यांदा खाली आला. नऊ हात झाल्यावर त्या कपाटाचं दार मिटेना. कडांवर रंग इतका चढला होता की दार बिजागरीत अडायचं. रंगाऱ्याने कानस घेऊन कडा घासल्या आणि दहावा हात दिला.

बावीस तारखेला एक तरुण जोडपं आलं. गोदामातली एकवीस कपाटं त्यांनी उघडमीट करून पाहिली आणि बाविसाव्यापाशी थांबली. मुलीने दारावरून हात फिरवला. इतका जाड, इतका गुळगुळीत रंग तिने कुठे पाहिला नव्हता. हेच हवं, ती म्हणाली. नवरा पाटी वाचत होता: आठ हजार सहाशे. मग त्याने भिंतीकडे बोट केलं.

"ते अजून चालतं?"

धाकट्यांनी वडिलांकडे पाहिलं. थोरले खुर्चीत डोळे मिटून होते, पण झोपलेल्या माणसाचा पाय असा हलत नाही.

"चालतं," धाकटे म्हणाले.

"मग थांबण्यात अर्थ नाही," तो मुलगा बायकोला म्हणाला. "स्वस्त झालंच तर येऊन घेऊ." त्याने पैसे मोजून दिले, आणि पावतीवर तारीख जरा ठळक लिहा म्हणून सांगितलं. सूनबाईने ठळक लिहिली. कार्बन प्रत दोऱ्यात ओवताना तिने मोजलं: चाळीस होत्या, एक्केचाळीस झाल्या.

हमालांनी कपाट टेम्पोत चढवलं. मागच्या शेडमध्ये रिकाम्या कंप्रेसरची धडधड थांबली आणि रंगारी फडकं गळ्यात ओढून दारात आला.

"आता काय रंगवू?"

धाकट्यांनी गोदामाकडे पाहिलं. आतली सगळी कपाटं त्या जोडप्याने आत्ताच उघडून पाहिली होती. उद्या कोणी पुन्हा आलं आणि काल पाहिलेलं नवं कपाटच आज शेडमध्ये पुन्हा रंगताना दिसलं, तर रस्ताभर काय होईल ते त्यांना शटरच्या फटीतून आधीच दिसत होतं. रस्त्यावर चष्मेवाला दारात येऊन उभा राहिला होता. तो शिव्या देत नव्हता. नुसता कान देऊन ऐकत होता.

सूनबाईने पावतीबुक मिटलं, गल्ल्याची किल्ली सासऱ्यांच्या हातात दिली आणि दुकानावरच्या जिन्याने घरात गेली. वरून कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, मग हँगर काढल्याचा. ती स्वतःच्या कपाटातले कपडे पलंगावर काढून ठेवत होती, भराभर, घड्या न मोडता.

"दोघं जण वर या," तिने जिन्यावरून सांगितलं. "जड आहे."